मेख्टिल्डबाईंचे सात साक्षीदार

प्रोफेसर होल्ट्सआप्फेल यांनी सुलेखा चिटणीसच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टेबलावर ठेवलं, ते टेबलाच्या कडेशी काटकोनात बसलं आहे की नाही हे नजरेनं तपासलं आणि म्हणाले, "फ्रॉइलाइन चिटणीस, प्रकरण उत्तम आहे. भाषा शुद्ध आहे. तळटीपा एकशे बारा आहेत. फक्त निष्कर्ष चुकला आहे."

"कुठला, हेर प्रोफेसर?"

"सनद खरी असल्याचा. सनद बनावट आहे. हे १९२४ साली सिद्ध झालेलं आहे."

कोणी सिद्ध केलं, असं सुलेखानं विचारलं नाही. खुद्द प्रोफेसरांनीच ते सिद्ध केलं होतं आणि त्यावरच ते डॉक्टर झाले होते. त्या प्रबंधाची काळ्या कापडी बांधणीची प्रत त्यांच्या डोक्याच्या बरोबर मागं कपाटात उभी असे. त्यामुळं त्यांच्याशी बोलताना समोरच्याला दोन होल्ट्सआप्फेल एकदम दिसत आणि दोघांचं एकमत असे.

१९६३ सालचा जानेवारी होता. जुन्या विद्यापीठाच्या त्या लहानशा गावात बर्फ इतकं पडलं होतं की सुलेखा पुण्याहून आणलेल्या दोन शाली कोटाच्या आतून गुंडाळून वर्गात बसे. तिसरं वर्ष चालू होतं. तीन वर्षं ती एकाच बाईच्या मागं होती आणि ती बाई मरून सातशे वर्षं झाली होती.

त्या बाईचं नाव काउंटेस मेख्टिल्ड. आयशेनबेर्ग नावाच्या छोट्या जहागिरीचा धनी काउंट कोनराड, त्याच्याशी १२४८ साली तिचं लग्न झालं. त्या मुलखात अशी रीत होती, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बायकोला काहीतरी द्यायचं. या देणगीला 'मोर्गेनगाबे', म्हणजे सरळ सकाळची भेट असंच म्हणत. गरीब माणूस गाय देई, सावकार घर देई. कोनराडनं आयशेनबेर्गचा किल्ला आणि सात गावं दिली आणि तशी सनद करून दिली. सकाळची भेट एकदा दिली की ती बायकोची. दीर-जावांचा तिच्यावर काही हक्क नाही, पुढं ती लेकीला जायची. जर्मन विद्वानांनी यावर जाड जाड ग्रंथ लिहिले होते. पुण्याच्या कुठल्याही मुलीला ते 'स्त्रीधन' या एका शब्दात कळलं असतं.

बारा वर्षांनी कोनराड शिकारीत घोड्यावरून पडून मेला. मागं मेख्टिल्ड आणि आग्नेस नावाची सात वर्षांची मुलगी. दिवसकार्य उरकतंय न उरकतंय तोच धाकटा दीर उलरिश दोनशे स्वार घेऊन दारात आला. वहिनींनी आता मठात जाऊन निवांत देवाचं नाव घ्यावं, किल्ल्याचं आम्ही बघू, असं त्याचं म्हणणं पडलं. वहिनींनी सनद दाखवली. दीर म्हणाला, बनावट आहे. वहिनींनी किल्ल्याचा दरवाजा लावून घेतला तो चार वर्षं उघडला नाही.

पाचव्या वर्षी धान्य संपलं तेव्हा तो उघडला. मेख्टिल्ड कैदेत वारली, आग्नेस मठात गेली आणि उलरिशचे वंशज आयशेनबेर्गवर राहिले ते आजतागायत. या युद्धाचा इतिहास त्यांच्याच पदरच्या माणसांनी लिहिल्यामुळं तो वाचायला फार सोपा होता.

"साक्षीदारांची नावं पाहा," प्रोफेसर म्हणाले. "पाणचक्कीवाला हाइनरिश. पाववाला बेर्टोल्ड. एक लोहार, एक कोळी, एक मेंढपाळ, एक गवंडी. आणि सातवी कोण, तर दाई! काउंटची सनद, आणि त्यावर एक सरदार नाही, एक बिशप नाही. उघड आहे. नवरा मेल्यावर बाईनं खोटी सनद केली. तिच्या बाजूनं खोटं बोलायला कोणी सरदार तयार होईना, म्हणून घरच्या नोकराचाकरांची नावं घातली."

"आणि खाली त्या रेघोट्या आहेत, त्या?"

"त्यांचं उत्तर गेहाइमराट क्राउस यांनी १८८७ सालीच दिलंय. तळटीप नव्वद." गेहाइमराट म्हणजे तिथले रावबहादूरच. प्रोफेसरांनी डोळे मिटून ती टीप म्हणून दाखवली. "'मजकुराखाली नंतरच्या कोणा रिकामटेकड्यानं काढलेल्या निरर्थक रेघोट्या.'"

"हेर प्रोफेसर, आपण मूळ सनद पाहिली आहे?"

प्रोफेसरांनी डोळे उघडले. खोलीतली शेगडी एकदा करकरली.

"हेर गेहाइमराटांनी पाहिली होती. मी त्यांचा विद्यार्थी. त्यांनी वाचून छापल्यावर ती मी पुन्हा पाहायला मागायची म्हणजे..." ते खुर्चीत पुढं सरकले. "तुमच्या देशात गुरूबद्दल काही पद्धत असेल ना?"

"आहे ना. गुरूला वाकून नमस्कार करतात."

"बघा!"

"आणि मग अस्सल कागद मागतात."

प्रोफेसरांनी चौथं प्रकरण पुन्हा काटकोनात केलं, वास्तविक ते हललं नव्हतं. मग त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली. आवाज अजिबात न चढवता सांगितल्यामुळं ती जास्तच नीट समजली. ते जुलैअखेर निवृत्त होणार होते. शेवटच्या पानावरचा एक शब्द बदलला, 'खरी'च्या जागी 'बनावट' केला, तर सुलेखा फेब्रुवारीत डॉक्टर. नाही बदलला तर त्यांना सही करता येणार नाही. त्यांच्या जागी येणारे गृहस्थ मध्ययुगीन मिठाच्या व्यापाराचे तज्ज्ञ होते आणि त्यांना विधवांमध्ये रस नव्हता. शिवाय सुलेखाची शिष्यवृत्तीही जुलैपर्यंतच होती.

"एक शब्द," प्रोफेसर मायेनं म्हणाले.

सुलेखा खोलीवर आली, टंकयंत्रात कागद घातला आणि तो शब्द नुसता कसा दिसतो ते पाहावं म्हणून टाइप करायला बसली. तीन अक्षरं झाल्यावर तिचा हात थांबला. तिचे वडील, नाना, पुण्याच्या दप्तरखान्यात तीस वर्षं मोडी कागद वाचत आले होते. नक्कल वाचून कोणी मत दिलं तर ते त्या माणसाला चहा द्यायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. पण हात थांबला तो नानांमुळं नाही. जी बाई दार लावून चार वर्षं आत बसली, तिला आपण कागदही न बघता खोटारडी म्हणायचं, हे तिला जमेना. तिनं कागद उलटा घातला आणि दुसऱ्या बाजूला आयशेनबेर्गच्या दप्तराला अर्ज टाइप केला.

दप्तर राजेसाहेबांच्या, म्हणजे उलरिशच्या आजच्या वंशजाच्या, खाजगी मालकीचं होतं. जर्मनीत राजेपदं १९१९ सालीच रद्द झाली होती, पण हे आयशेनबेर्गमध्ये कोणाला लागू करायचं सुचलं नव्हतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की या क्रमांकाची सनद अस्तित्वात नाही. दुसऱ्याला आलं की ती अस्तित्वात आहे, पण तिची पाहणी चालू आहे. तिसऱ्याला, की पाहणी संपली, पण थंडीत वाचनाची खोली उघडत नाहीत. चौथं उत्तर एप्रिलात आलं: खोली उघडली आहे, पण दप्तरदार हेर ट्राउबे प्रकृतीसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले आहेत. प्रत्येक पत्राखाली सही मात्र हेर ट्राउबे यांचीच होती, आणि टपालाचा शिक्का आयशेनबेर्गचा.

"म्हणजे माणूस जागेवर आहे," सुलेखा म्हणाली.

"ताई, माणूस जागेवर आहे आणि तू नको आहेस," श्रीरंग म्हणाला.

श्रीरंग तिचा आतेभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. स्टुटगार्टला इंजिनांवर पीएचडी करत होता आणि त्सुफेनहाउझेनला एका बाईच्या माळ्यावर राहत होता. त्याच्या खिडकीखालून जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारी चाचणीला जात. त्याची स्वतःची एक स्कूटर होती. ती सपाटीवर चाले.

"शनिवारी निघू," सुलेखा म्हणाली.

"अगं, न बोलावता? जर्मनीत? इथं सख्ख्या आईकडं जायचं तरी लोक आधी पत्र टाकतात."

"मी चार टाकलीयत."

आयशेनबेर्गचा किल्ला टेकडीवर होता, म्हणजे शेवटचा दीड किलोमीटर श्रीरंगनं स्कूटर ढकलली. दार हेर ट्राउबे यांनीच उघडलं. बुटका, हाताला शाईपासून वाचवणाऱ्या काळ्या बाह्या चढवलेला माणूस. दारात साडीवर शाल आणि शालीवर कोट घातलेली बाई पाहून त्यानं पहिल्यांदा पाठीमागं पाहिलं, पळायला वाट आहे का ते.

"आपण झऱ्यांवर गेला होतात ना? बरं वाटतंय आता?" सुलेखानं विचारलं.

"नाही... म्हणजे, हो. तुम्ही...?"

"चार पत्रं."

त्याचा चेहरा पडला. "फ्रॉइलाइन, माझी बाजू समजून घ्या. समजा सनद खरी निघाली. मग हा किल्ला, ती सात गावं, जंगल... याचे कायदेशीर परिणाम काय?"

"सातशे वर्षांनी?"

"जंगल मोठं आहे हो!"

तेवढ्यात बागेतून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेले, हातात भाजीची टोपली घेतलेले एक गृहस्थ आले. हेर ट्राउबे एकदम ताठ झाले, त्यावरून हेच राजेसाहेब असणार हे कळलं. ट्राउबेनं त्यांना प्रकरण असं काही सांगितलं, जणू उलरिशचं सैन्य परत आलंय पण यावेळी उलट बाजूनं.

राजेसाहेबांनी टोपली खाली ठेवली. "ती खरी असली, तर मला किल्ला परत द्यावा लागेल?"

"कोणाला देणार?" सुलेखा म्हणाली. "मेख्टिल्डची मुलगी मठात गेली. तिचं जे काही होतं ते मठाचं झालं."

"आणि मठ?"

"मठ पुढं तुमच्याच पूर्वजांनी खालसा केला."

"आल्झो, म्हणजे मी माझ्याकडूनच मागायचं."

"गेनाऊ. अगदी तसंच."

राजेसाहेबांनी वर छपराकडं पाहिलं. तिथं कौलांच्या जागी तीन ठिकाणी पत्रे ठोकले होते. "खरं सांगू का, कोणी मागायला आलं असतं तर मी फार ताणून धरलं नसतं. ट्राउबे, दाखवा यांना. आणि या तरुणाला पाणी द्या, हा स्कूटर घेऊन आलाय की स्कूटर याला घेऊन आलीय?"

सनद एका सपाट खणात होती. चामड्याचा तुकडा, दोन तळहात मावतील एवढा, खाली सुतळीला लोंबणारा मेणाचा अर्धा शिक्का. सुलेखानं आधी मजकूर वाचला. तो तिला पाठच होता. मग खाली पाहिलं.

त्या रेघोट्या नव्हत्याच. ओळीनं सात चित्रं होती, प्रत्येक चित्र एकेका नावाखाली. हाइनरिशच्या खाली दात्यांचं चाक. बेर्टोल्डच्या खाली भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फळकूट. लोहाराखाली घोड्याचा नाल, कोळ्याखाली मासा, मेंढपाळाखाली आकड्याची काठी, दाईखाली कात्री. आणि गवंडी रूडिगर, त्याच्या खाली फुलीसारख्या दोन छिन्न्या आणि वर एक चांदणी. चाक एकाच्या हातचं होतं, मासा दुसऱ्याच्या. लेखणी धरायची सवय नसलेल्या सात माणसांनी जीभ चावत काढलेली.

सुलेखाला घरच्या ओटीवर बसल्यासारखं झालं. लहानपणी ती अक्षरं शिकायच्या आधी ही चित्रं शिकली होती. वतनाच्या तंट्यात गाव गोळा व्हायचं, निवाडा व्हायचा, महजर लिहिला जायचा, आणि ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या नावाखाली आपलं हत्यार काढायचा. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. पाटलीणबाई असल्या तर बांगडी. नाना मोडी वाचत आणि छोट्या सुलूला विचारत, 'हा कोण?' आणि ती बोट ठेवून सांगे, 'हा न्हावी!'

"या निशाण्या आहेत," ती मराठीतच म्हणाली. मग जर्मनमध्ये म्हणाली, "हेर ट्राउबे, या सह्या आहेत."

ट्राउबेनं भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं. "पण गेहाइमराट क्राउस म्हणतात..."

"गेहाइमराट क्राउस यांना लिहिता येत होतं. त्यामुळं त्यांना हे वाचता आलं नाही."

परतीच्या वाटेवर मात्र तिचा आनंद उतरला. निशाण्या तर निशाण्या. प्रोफेसर म्हणतील, खोटी सनद करणाऱ्या बाईला चित्रंही काढून घेता येतील. नोकर तिचेच. मूळ मुद्दा तसाच होता: एवढ्या मोठ्या देणगीला साक्षीदार पाववाला आणि दाई का? सरदार कुठं गेले होते? पुढल्या टेकडीच्या पायथ्याशी ती स्कूटरच्या मागच्या सीटवरून एकदम म्हणाली, "श्री, आपल्याकडं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जागं कोण असतं?"

"आचारी."

"आणखी?"

"मांडववाला. भांडीवाला, भांडी मोजून न्यायला. आणि माझ्या लग्नात मीसुद्धा असेन, तुझी आत्या झोपू देईल असं वाटत नाही."

"आणि वऱ्हाडी?"

"वऱ्हाडी! दहाच्या आत एक चादर हलत नाही. आपल्या वसुधाच्या लग्नात आठवतंय ना, काकांना उठवायला..."

"थांबव, थांबव स्कूटर!"

"चढ लागलाय ताई. ती केव्हाच थांबलीय."

सुलेखा उतरून रस्त्यातच उभी राहिली. सकाळची भेट ही सकाळीच द्यावी लागते, साक्षीदारांसमोर. लग्नाच्या मेजवानीत रात्रभर पिंपं रिकामी करणारे सरदार आणि बिशप दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं असणार? बाकांखाली. आणि उठलेले कोण असणार? पाव भाजणारा. पीठ आणणारा. घोड्यांना नाल ठोकणारा. ताजा मासा आणणारा. नव्या नवरीच्या दाराबाहेर रात्री बसवलेली दाई. मेंढरं सोडणारा, आणि अर्धवट बुरुजावर उन्हाआधी कामाला लागणारा गवंडी. गरीब साक्षीदार ही खोटेपणाची खूण नव्हती. ती सकाळची खूण होती. उलट एखादा सरदार असता, तरच संशय घ्यायला हवा होता.

"हे लिही," श्रीरंग म्हणाला. "हे वाचून तुझा म्हातारा गार."

"गार नाही व्हायचा. हे पटण्यासारखं आहे, पण पुरावा नाही. तो म्हणेल, 'सुंदर कल्पना, फ्रॉइलाइन.'" ती पुन्हा मागं बसली. "या सातांतला एक तरी माणूस मला सापडला पाहिजे. सनदेच्या बाहेर."

"सातशे वर्षांपूर्वीचा पाववाला?"

"पाव टिकत नाही. दगड टिकतो. गवंडी शोधायचा."

सात गावांपैकी तीन गावांत त्या काळची ख्रिस्ती देवळं होती. मे महिन्याचे शनिवार त्यांनी त्यांत घातले. पहिल्या देवळावर १९४५ साली बॉम्ब पडला होता. दुसऱ्यात एका उत्साही पाद्र्यानं नुकतंच सगळं सिमेंटनं गुळगुळीत केलं होतं आणि तो ते फार अभिमानानं दाखवत होता. तिसरं नीडरबाख गावाचं. तिथं देऊळ बंद होऊन शंभर वर्षं झाली होती. आता आत गावाचा आगीचा बंब ठेवत.

किल्ली फ्राऊ हेबर्ले या शेतकरीणबाईंकडं होती. "बंब हलवायचा तर बंबाच्या कप्तानाची परवानगी लागते," त्या म्हणाल्या.

"कप्तान कुठं भेटतील?"

"माझाच नवरा. बटाट्यात आहे." त्यांनी एप्रनला हात पुसले. "पण किल्ली माझ्याकडं असते. काय शोधताय?"

"काउंटेस मेख्टिल्डच्या वेळचा एक गवंडी."

फ्राऊ हेबर्ले थबकल्या. "मेख्टिल्ड? तिला वर किल्ल्यावर खोटारडी म्हणतात. आमच्याकडं नाही म्हणत. माझी आजी म्हणायची, ती बाई उपाशी मेली पण खालच्या गावातलं बियाणं तिनं मागितलं नाही." मग बाह्या सारल्या. "चला, त्या टोकाला धरा तुम्ही. ए तरुण माणसा, तू ढकल. तुला सवय दिसते."

बंबामागं भिंतीत, चुन्याच्या पाच-सहा थरांखाली, एक थडग्याचा दगड होता. श्रीरंगनं इंजिन साफ करायच्या मऊ ब्रशनं तो तासभर घासला, दगडाला ओरखडा न येऊ देता. आधी आकडे दिसले, रोमन: १२५३. मग अक्षरं: मास्टर रूडिगर, ज्यानं हे बांधलं, इथं आहे. आणि त्याखाली फुलीसारख्या दोन छिन्न्या, वर चांदणी. सनदेवरचीच, खालची एक छिन्नी दुसरीपेक्षा आखूड, तीसुद्धा तशीच.

"मिळाला," श्रीरंग म्हणाला. "पण ताई, हा १२५३ मध्येच मेलाय."

"तेच तर!" सुलेखाचा आवाज देवळात घुमला. "काउंट मेला साठ साली. प्रोफेसर म्हणतात, बाईनं त्यानंतर जिवंत नोकरांकडून खोट्या साक्षी घेतल्या. हा माणूस त्याच्या सात वर्षं आधीच मातीत गेलाय. त्याच्याकडून ती खोटी साक्ष घेणार कशी?"

"आणि समजा तिनं मेलेल्याचं नाव मुद्दाम घातलं असेल तर?"

"मेलेलीच माणसं घालायची, तर गवंडी कशाला घालेल? मेलेले सरदार काय कमी होते?"

फ्राऊ हेबर्ले यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी सुलेखाच्या चेहऱ्याकडं पाहून आधी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग घरात जाऊन प्लमचा केक आणला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुलेखानं चौथं प्रकरण पुन्हा दिलं: फोटो, दगडाचा कागदावर घासून घेतलेला ठसा, सातही निशाण्यांचं कोष्टक आणि शेवटच्या पानावर तोच जुना शब्द, 'खरी'. प्रोफेसरांनी ते घेतलं. टेबलावर काटकोनात ठेवलं. एक आठवडा गेला, दोन गेले. वर्गात ते तिच्याशी हवेबद्दल बोलले, तेही एकदाच आणि हवा वाईट असताना. मग नोटीस आली की तोंडी परीक्षा सोळा जुलैला.

परीक्षेला तीन जण होते. मधे अधिष्ठाता, डावीकडं कायद्याच्या इतिहासाचे प्रोफेसर फॉन डेर हाइडे, उजवीकडं होल्ट्सआप्फेल, काळ्या कोटात. दीड तास दुसऱ्या प्रकरणांवर प्रश्न झाले. सुलेखानं उत्तरं दिली. त्यांतली काही तिला स्वतःलाही आवडली. मग फॉन डेर हाइडे पुढं झुकले. गोड माणूस, आयुष्यभर दोन पक्षांची समजूत घालत आलेला.

"फ्रॉइलाइन, चौथं प्रकरण. आपण सगळे समजूतदार माणसं आहोत. शेवटच्या पानावर 'खरी' असं न लिहिता 'सनद खरी असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही' असं लिहिलं तर? आत्ता, इथंच, शाईनं. आपला निष्कर्षही राहील आणि माझ्या सन्मान्य सहकाऱ्यांचं... जुनं संशोधनही राहील. सगळे जिंकतील."

त्यांनी स्वतःचं पेन टोपण काढून पुढं केलं.

सुलेखानं पेनाकडं पाहिलं. बाहेर कुठंतरी तास पडत होते. हे पेन घेतलं की ती डॉक्टर. न घेतलं तर पुढल्या आठवड्यात बोटीचं तिकीट, आणि पुण्यात नानांसमोर काय बोलायचं ते बोट पोचेपर्यंत सुचलं असतं तर सुचलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "असंच उलरिशनंही मेख्टिल्डबाईंना सुचवलं होतं. तिसऱ्या वर्षी. किल्ला दोघांचा आहे असं म्हणू, तुम्ही फक्त दार उघडा. त्यांनी उघडलं नाही. ज्या गोष्टीचा पुरावा आहे, तिला 'शक्यता' म्हणता येत नाही, हेर प्रोफेसर. सनद खरी आहे. मला नापास करायचं तर त्या वाक्यासकट करा."

फॉन डेर हाइडे यांनी हळूच पेनाला टोपण लावलं. अधिष्ठात्यांनी होल्ट्सआप्फेल यांच्याकडं पाहिलं. "आपला लेखी अभिप्राय, हेर कोलेगे?"

होल्ट्सआप्फेल उठले. अभिप्राय उभं राहून वाचायचा नियम नव्हता, ते उठले. कागद हातात धरला, चष्मा सारखा केला.

"'प्रबंधाचं चौथं प्रकरण १९२४ सालच्या एका संशोधनाला खोडून काढतं,'" ते वाचू लागले. "'त्या संशोधनाच्या लेखकाची मी स्वतः चौकशी केली. त्यानं मूळ सनद कधीच पाहिली नव्हती असं त्यानं कबूल केलं. का पाहिली नाही, यावर त्यानं आपल्या गुरूचं नाव पुढं केलं, ते मला पुरेसं वाटलं नाही. सदर लेखक हट्टी आहे. तथापि गेल्या मंगळवारी तो नीडरबाखला गेला, बंब हलवायला त्यानं मदत केली आणि दगड त्यानं हातानं चाचपून पाहिला. त्याचं १९२४ सालचं मत यापुढे कोणी आधाराला घेऊ नये. प्रबंध स्वीकारावा. श्रेणी: माग्ना कुम लाउडे, विशेष प्रावीण्यासह.'"

मग कागदातून नजर न काढता म्हणाले, "पान दोनशे बारावर एक स्वल्पविराम राहिलाय. तो घाला," आणि बसले.

पंधरा मिनिटांनी सुलेखा पायऱ्या उतरत खाली आली. खाली श्रीरंग हेल्मेटवर बसून होता; तो उठला. म्हणाला, "काय झालं?"

"खरी."

"कोण खरी?"

"सनद. नोंद झाली. शाईनं."

"आणि तू, ताई?"

"मी? मीही पास झाले म्हणे," सुलेखा म्हणाली, आणि पायरीवर बसून मग ती जी रडायला लागली ती बराच वेळ थांबली नाही.